चावी काकांकडेच राहू द्या

तुमच्या इमारतीत पाण्याचा पंप कोण चालू करतं? ‘वॉचमन करत असेल’ असं नका सांगू. नक्की कोण? आणि तो माणूस उद्या आजारी पडला तर कोण?

हा प्रश्न मी हल्ली प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला विचारते. मी ज्या छोट्याशा संस्थेत काम करते, ती डहाणू आणि तलासरी भागातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना कारभार शिकवते. सभा कशी बोलवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, गळती कोणाची आणि दुरुस्ती कोणाची, असलं सगळं. इकडे इमारती भराभर उभ्या राहिल्या आहेत. कालपर्यंत ज्यांना स्वतःचं अंगण होतं, परसात विहीर होती, ती माणसं आज एका जिन्यावर आणि एका टाकीखाली राहतात. टाकी सगळ्यांची आहे हे त्यांना मान्य असतं. पण सगळ्यांमध्ये आपणही येतो, इथे गाडी अडते.

मी पत्रकांवर वाढले. वडील तलासरीत सायकलवरून चळवळीची पत्रकं वाटायचे. कॅरिअरला गठ्ठा आणि हँडलला मैद्याच्या खळीचा डबा. उरलेली पत्रकं पलंगाखाली राहायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेची गणितं सोडवायची. मी वाचायला शिकले तीच मुळी जाड टायपातल्या मागण्या वाचून. वडिलांचा एक नियम होता, एका पत्रकात एकच मागणी. “दोन मागितल्यास की लोक त्यातली सोपी तेवढी देतात आणि उपकार केल्यासारखे निघून जातात,” असं ते सांगायचे.

अशा घरातून आल्यामुळे मला वाटायचं, नियम माणसांपर्यंत नीट पोचले की माणसं आपोआप उठून उभी राहतील. चारोटीला हायवेलगतच्या एका खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये माझा पहिला वर्ग झाला. खालून ट्रकचे हॉर्न आणि फोडणीचा ठसका येत होता. मी म्हणाले, “इमारत म्हणजे एक छोटं गणराज्य आहे.” मागच्या रांगेत एका गृहस्थांनी हात वर केला. माझ्या अंगावर काटा आला, पहिल्याच दिवशी कोणीतरी गणराज्याबद्दल विचारतंय म्हणून.

“मॅडम, सर्टिफिकेटवर फोटो येणार का?”

तेव्हापासून मी कितीतरी वर्ग घेतले. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये, मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडून, समोर बांधलेल्या चादरीवर प्रोजेक्टर लावून. लोक येतात, वडापाव खातात, मन लावून ऐकतात. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की शेजाऱ्याची कुंडी हटवायला कोणतं कलम लागतं. कलम मिळालं की चेहरे उजळतात. मी घरी येते, चप्पल काढते आणि तशीच बसून राहते.

मी राहते तीही अशीच एक इमारत. डहाणूत, स्टेशन आणि समुद्र यांच्या मध्ये. मी तिथे भाडेकरू आहे. सोसायटीचे सचिव म्हणजे आमच्या समोरच्या घरातले काका. एसटीत कंडक्टर होते, मूळचे गंजाडचे. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी इथे घर घेतलं, मुलं शिकून गुजरातकडे कामाला गेली आणि काका सचिवपदावर राहिले ते राहिलेच.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं, पण सकाळ म्हणजे नक्की कधी ते कोणी सांगू शकत नाही. आलं की खालच्या टाकीतून वर गच्चीवर चढवायचं. आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवून झालं होतं. विजेचा दाब इतका वरखाली होतो की ते जळलं, दुसरं आणलं तेही जळलं. त्यामुळे कोणीतरी कान लावून बसायला लागतं. ते कोणीतरी म्हणजे काका. पंपाच्या खोलीची चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाला सुतळीने बांधलेली. लिफ्ट अडकली की काकांचं दार, जिन्यातला दिवा गेला की काकांचं दार. कोणाच्या घरी पाहुणे आले आणि गाडी लावायला जागा नसली की तेही काकांचंच दार.

आणि काकांना जायचं होतं.

काकूंना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधांनी जेवढी टिकेल तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फ्लॅटमध्ये त्या सारख्या चौकटीला धडकायच्या. गंजाडच्या घरात मात्र त्यांना उंबरा कुठे, चूल कुठे, वाडीत उतरायची पायरी कुठे, सगळं पायांना पाठ आहे. म्हणून त्या गावी जाऊन राहिल्या. शेजारी दिराचं घर आहे. काका रविवारी पंप बंद करून निघायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे, कारण सोमवारची सकाळ.

“तिला मी दिसतोय तोवर तिच्यासमोर राहावं म्हणतो,” काका एकदा मला म्हणाले. “नंतर नुसता आवाज उरणार माझा. आणि आवाज तिला पहिल्यापासून आवडत नाही.”

माझा वर्ग डहाणूत ठेवला तेव्हा काका आले ते याच एका कारणासाठी. कारभार दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा, ते शिकायला. येताना दोघांना जवळजवळ ओढून आणलं. एक म्हणजे तळमजल्यावर किराणा-धान्याचं दुकान असलेले शेठ. तेच आमचे अध्यक्ष, घरात गुजराती बोलणारे आणि बाहेर सगळ्या भाषा मिसळून. दुसऱ्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी. त्यांच्या घरची बोट आहे आणि त्या बाजारात मासे विकतात. शेठ पहिल्या रांगेत बसले. मावशी मागे बसल्या आणि मध्येच विचारलं, “काय गं बाय, चुकून भलत्याच कागदावर सही झाली तर आत टाकतात का?” सगळे हसले. मला तो दिवसभरातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटला.

वर्ग चांगला झाला, असं सगळेच म्हणाले. शेठनी सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं.

मग वार्षिक सभा आली. कमिटीची मुदत संपली होती, नवी निवडायची होती. भाडेकरू म्हणून मला सभेत जागा नव्हती, पण शेठनी मला पाहुणी म्हणून बोलावलं. काका आदल्या दिवशी मला जिन्यात भेटले. “उद्या उभा राहून सांगणार. स्पष्ट. पोरी, तू समोर बस, म्हणजे मला धीर येईल.”

सभा पार्किंगमध्ये भरली. विषय निवडणुकीचा निघाला. एकही अर्ज आला नव्हता. काका खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “मला जरा बोलायचंय.”

“आधी आमचं ऐका,” शेठ म्हणाले आणि टेबलाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीतून शाल निघाली. मग नारळ. टाळ्या सुरू झाल्या. “काकांसारखा माणूस आख्ख्या डहाणूत नाही. ह्या सोसायटीचा प्राण आहे प्राण. आणि आता तर मॅडमनी शिकवून पक्के केलेत. दुसऱ्याला परत पहिल्यापासून कोण शिकवत बसणार? चावी काकांकडेच राहू द्या. बिनविरोध!”

“बिनविरोध!” मागून आवाज आले.

शाल खांद्यावर पडली होती. नारळ हातात आला होता. आमच्या भागात चारचौघांत दिलेला नारळ परत करत नाहीत. तो देणाऱ्याचा अपमान होतो आणि वर देवाचाही. काका नारळाकडे बघत म्हणाले, “नारळ दिलात म्हणजे सुटलो समजू ना?”

“अरे सुटता कसले!” हशा. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

मी उभी राहिले. माझा आवाज चढला होता, तो नेहमीच चढतो. “पद कोणावर लादता येत नाही. त्यांना नको असेल तर ते नाही म्हणू शकतात. त्यांना विचारा तरी.”

शेठ दुखावल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. “अरे बेन, लादलं कोणी? अमे तो मान आप्यो, मान दिला.” मग जरा थांबून, अगदी नम्रपणे म्हणाले, “आणि भाडूतानी सभेत बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत ना वर्गात?”

मीच शिकवलं होतं. पूर्ण पार्किंग हसलं. मावशीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही काय बोलणार होता?”

“काही नाही,” काका म्हणाले. “चहा सांगा.”

पुढच्या रविवारी मी काकांबरोबर गंजाडला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. घरी बसून चिडण्यापेक्षा बरं, म्हणून. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. बोटांनी खडा लागला की बाजूला. काकांनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. काकूंनी कापड चाचपलं.

“परत शाल? मागच्यासारखीच आहे. काठसुद्धा तोच.” मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, “तूच ना त्या लोकांना शिकवणारी? कसली शाळा चालवतेस गं? सगळं शिकवतेस आणि ह्यांना एक ‘नाही’ म्हणायला शिकवत नाहीस.”

“अगं, ती बोलली बिचारी माझ्या बाजूने,” काका म्हणाले.

“हिने बोलून काय होतंय? तुमच्या तोंडात काय नारळ कोंबला होता?”

काका हसले. काकूही हसल्या, पण हसताना त्या काकांकडे बघत होत्या ते सरळ नाही, मान जरा वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, जिथून अजून थोडं दिसत होतं तिथून. उन्हं कलायच्या आत आम्ही निघालो. काकू दारापर्यंत आल्या आणि जिथे आम्ही नव्हतो तिकडे हात हलवला. काकांनी जागा बदलली. त्या हलणाऱ्या हाताच्या समोर जाऊन उभे राहिले.

परतताना गाडीत मला कायद्याचा राग आला नाही, शेठचाही आला नाही. कंटाळा आला. प्रेमाने माणसाला जखडणाऱ्यांविरुद्ध पत्रक कसं काढतात, ते आमच्या घरी कोणी शिकवलं नव्हतं. सावकाराविरुद्ध काढता येतं, ठेकेदाराविरुद्ध येतं. शाल पांघरणाऱ्याविरुद्ध काय छापायचं?

तरी लिहायला बसले. दुसरं काय येतं मला? लिहिलेलं घेऊन तलासरीला वडिलांकडे गेले. आता ते सायकल चालवत नाहीत, गुडघे धरतात. चष्मा नाकावर ओढून त्यांनी पूर्ण पान वाचलं. त्यात सचिवाचे हक्क होते, सभासदांची कर्तव्यं होती, सत्कारशाहीचा निषेध होता, उद्गारचिन्हं तर ओळीओळीला होती.

“ह्यात मागण्या किती?”

“बऱ्याच आहेत.”

“त्या म्हाताऱ्याला काय पाहिजे?”

“गावाला बायकोजवळ राहायचंय. निदान चार दिवस तरी.”

“मग तेवढंच लिही की.”

मी पान फाडलं. नव्याने लिहिलं ते एवढंच: ‘काकूंची नजर जात चालली आहे. काकांना चार दिवस त्यांच्याजवळ राहायचं आहे. पंपाची चावी चार दिवस कोण घेणार?’ काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “काकूंचं कशाला लिहिलंस?” मी म्हटलं, खोडू का? त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाले, “राहू दे.” मी ते प्रत्येक दाराखालून सरकवलं.

शेठ रागावले. दुकानासमोरून जाताना मला हाक मारून म्हणाले, “बेन, घरचं दुःख असं कागदावर छापतात का? आम्हाला सांगायचं ना.” मी विचारलं, सांगितलं असतं तर चावी घेतली असती? ते वजनकाट्यावरची धूळ पुसायला लागले. वर पुन्हा म्हणाले, “आणि चावी सभासदाकडेच राहणार हां. भाडूताकडे नाही. ठराव आहे.” मी चावी घेईन असं सुचवायच्या आधीच.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी मावशी काकांच्या दारात उभ्या राहिल्या. मीही तिथेच होते.

“द्या ती चावी. पावसाळ्याची बंदी आहे, बोटी वर काढल्यात. घरात बसून सुनेशी भांडतेच आहे, त्यापेक्षा पंपाशी भांडेन.”

काकांनी पेनाची सुतळी सोडायला घेतली. गाठ इतक्या वर्षांची, ती सुटेना. शेवटी मावशींनी दाताने तोडली.

काका गेले. आणि पहिल्याच सकाळी गोंधळ झाला. मावशींनी पंप चालू केला, खोलीला कुलूप लावलं आणि वर चहाला निघून गेल्या. टाकी भरली, वाहू लागली. गच्चीवरून पाणी आलं ते थेट शेठच्या दुकानामागच्या पत्र्यावर, ज्याच्याखाली तांदळाची पोती होती. शेठ धावत सुटले. आरडाओरडा ऐकून मावशीही खाली यायला लिफ्टमध्ये शिरल्या. शेठकडे चावी नव्हती, म्हणून त्यांनी जिन्याखालची विजेची पेटी उघडली आणि एक बटण खाली पाडलं.

पंप चालूच राहिला. लिफ्ट बंद पडली. मावशी आत, चावी मावशींच्या कमरेला.

शेठनी गंजाडला फोन लावला. नंतर काकांनी मला सांगितलं, फोन काकूंनी उचलला. काका समोरच बसून चहा पीत होते. काकू म्हणाल्या, “ते वाडीत गेलेत. कधी येतील ते सांगता येत नाही,” आणि फोन बंद करून काकांना म्हणाल्या, “प्या तुम्ही चहा.”

इकडे लिफ्टच्या जाळीतून मावशी ओरडत होत्या, “अहो शेठ, दुसरं पाडा! खालचं! अहो ते नाही, ते जिन्याचं! इतकी वर्षं अध्यक्ष आहात, एक बटण माहीत नाही?” चौथ्या मजल्यापर्यंतची सगळी माणसं जिन्यात जमली होती. कोणालाच माहीत नव्हतं. एकेक बटण पाडत, अंधार-उजेड करत, शेवटी पंप थांबला आणि लिफ्ट सुरू झाली. भिजलेल्या शेठकडे बघून मावशी लिफ्टमधून बाहेर पडता पडता म्हणाल्या, “ते तुमचं सर्टिफिकेट दुकानातून काढा आणि ह्या पेटीवर लावा. निदान पावसाचं पाणी तरी आत जाणार नाही.”

शेठ दोन दिवस भिजलेली पोती हलवत होते. मग एका सकाळी मावशींबरोबर पंपाच्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्याखालच्या पेटीपाशी त्यांच्या मागे उभे दिसले. मावशी बोट दाखवत होत्या, शेठ बटणाच्या बाजूला खडूने खूण करत होते. ‘पाणी’, ‘लिफ्ट’, ‘जिना’. एवढंच लिहिलंय. अजून आहे ते तिथे.

मला इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. काका चार दिवसांसाठी गेले ते पाऊस सरेपर्यंत राहिले. पण नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, मावशी पुन्हा पहाटे बंदरावर जाऊ लागल्या आणि चावी त्यांनी शेठकडे दिली. शेठ पंप चालू करतात, कुरकुर करतात, दर दोन-तीन दिवसांनी काकांना फोन करून कधी येताय विचारतात. कागदावर सचिव अजून काकाच आहेत. महिन्यातले काही दिवस येतात, सह्या करतात, परत जातात. ह्या तिघांशिवाय चौथ्या माणसाने अजून पंपाची खोली आतून पाहिलेली नाही.

मागच्या आठवड्यात मी तलासरीला वर्ग घेतला. खुर्च्या भरल्या होत्या. मी विचारलं, “तुमच्याशिवाय तुमच्या इमारतीतला पंप आणखी कोणाला चालवता येतो?” एकही हात वर गेला नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसले. दमलेल्या माणसांचं हसू मला आता ओळखता येतं. मग मी कलमं गुंडाळून ठेवली आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय. एकाला मुलीच्या बाळंतपणाला. एकाला नुसतं झोपायचं होतं. त्या दिवशी कोणी सर्टिफिकेटच्या फोटोबद्दल विचारलं नाही.

गंजाडहून काका फोन करतात. परवा म्हणाले, काकूंना आता ते दाराच्या उजेडासमोर उभे राहिले तरच दिसतात, तेही नुसता आकार. “म्हणून दारात उभा राहतो,” म्हणाले. “शेजारी विचारतात, कोणाची वाट बघताय?” मग नेहमीचं, “पाणी आलं का गं वेळेवर?”

वडिलांच्या नियमाप्रमाणे माझी मागणी एकच आहे. उद्या सकाळी तुमच्या इमारतीत ज्याच्याकडे चावी आहे त्याच्या दारावर जा. तो माणूस कुठे जायचा थांबलाय ते विचारा. मग त्याच्याबरोबर पंपाच्या खोलीत जा, बटण कोणतं ते बघून घ्या आणि चार दिवसांसाठी चावी मागून घ्या. जाताना शाल नेऊ नका.